मुदत संपलेल्या नावांचा बाजार

इंटरनेटवरचा एखादा जुना पत्ता उघडावा आणि मजकुराऐवजी ‘या डोमेनची मुदत संपली आहे’ एवढीच पाटी दिसावी, यात आता कोणाला नवल वाटत नाही. नाव मनात भरलेलं असेल तर पाहणाऱ्याचा हिशेब सरळ असतो: आधीच्याने सोडलं, आपण हजारभर रुपये भरून घेऊ. तो नोंदणी करायला जातो तर नाव ‘उपलब्ध नाही’. महिन्याने पाहतो, तरी नाही. अडीच महिन्यांनी पाहतो तेव्हा त्याच नावावर भलत्याच कोणाच्या जाहिराती झळकत असतात, नाहीतर तेच नाव काही हजार डॉलरना विक्रीला लागलेलं असतं. मधल्या काळात ते मोकळं कधी झालं आणि कोणाच्या हाती गेलं, याचा थांगपत्ता त्याला लागत नाही. यात त्याच्या नशिबाचा दोष नाही, त्याने उशीर केला असंही नाही. दोष नियमांमागच्या एका गृहीतकात आहे. मुदत संपली की नाव रिकामं होतं, असं धरून हे नियम लिहिले गेले. प्रत्यक्षात नाव रिकामं होत नाही. त्या नावाकडे बोट दाखवणारे दुवे इतरांच्या पानांवर तसेच राहतात, त्या पत्त्यावर लोक मेल पाठवत राहतात, जुने ग्राहक सवयीने तोच पत्ता टाइप करतात आणि सर्च इंजिनही त्या नावाला जुन्या ओळखीने वागवतं. गेल्या तीस वर्षांचा मुदतबाह्य डोमेनांचा इतिहास म्हणजे या मागे राहिलेल्या ऐवजावर हक्क कोणाचा, यावरून चाललेली ओढाताण आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर नाव सोडणारा आणि नाव मागणारा, हे दोघेही सामान्य लोक, रांगेत थोडे थोडे मागे सरकत गेले.

मुळात नावाची मुदत संपते ही कल्पना इंटरनेटइतकी जुनी नाही. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं एका साध्या फाइलमध्ये असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवं नाव हवं असेल तर तिथे कळवायचं, आधी कोणी घेतलेलं नसेल तर मिळायचं. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं तेव्हाही रीत हीच होती. पैसे नाहीत, मुदत नाही, नूतनीकरण नाही. ‘जो आधी येईल त्याला’ हे तेव्हा कोणी विचारपूर्वक स्वीकारलेलं तत्त्व नव्हतं. दोघेजण एकाच नावासाठी येतील ही शक्यताच इतकी कमी होती, की दुसऱ्या नियमाची गरज भासली नाही. हे ध्यानात घ्यायला हवं, कारण पुढे याच सोयीला न्यायाचा मुलामा चढला. ज्या वस्तूला फारसं गिऱ्हाईक नाही तिच्या वाटपाची रीत, जिच्यासाठी झुंबड उडते त्या वस्तूला जशीच्या तशी लावली गेली.

मुदतीचा जन्म १४ सप्टेंबर १९९५ चा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी १९९३ पासून नोंदणीचं काम पाहत होती. त्या दिवसापासून तिला शुल्क घ्यायची मुभा मिळाली: वर्षाला ५० डॉलर, आणि नव्या नावासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर आगाऊ. शुल्काला कारण होतं. नोंदण्या वेगाने वाढत होत्या आणि तो भार सरकारी अनुदानावर किती दिवस टाकायचा, हा प्रश्न रास्त होता. पण शुल्क आलं की थकबाकी आली, आणि १९९६ मध्ये पैसे न भरल्याबद्दल ९,२७२ संस्थांची नावं एका फटक्यात यादीतून उतरवली गेली. तेव्हा कोणतीही चर्चा न होता दोन गोष्टी ठरून गेल्या. एक, नाव हे वापरणाऱ्याचं नाही, भाड्याचं आहे. दोन, भाडं थकलं की नाव मोकळं आणि मोकळं झालं की पुढच्याचं. या दोहोंच्या मध्ये एखादी पायरी असावी, नावाला चिकटलेल्या ओळखीचं काय करायचं हे पाहणारं कोणी असावं, असं कोणाला वाटलं नाही. वाटायला हवं होतं असंही म्हणवत नाही. १९९५ साली बहुतेक नावं दोन-तीन वर्षांची होती, त्यांना चिकटायला ओळखच फारशी नव्हती.

चारच वर्षांत चित्र पालटलं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना. हॉटमेलचं लॉगिन पासपोर्ट डॉट कॉम या नावावरून होत असे आणि त्या नावाचं शुल्क भरायचं राहून गेलं होतं. टेनेसी राज्यातल्या एका लिनक्स प्रोग्रामरने ते हुडकून काढलं आणि आपल्या क्रेडिट कार्डावरून मायक्रोसॉफ्टचे ३५ डॉलर भरून टाकले. सेवा पूर्ववत झाली. हा किस्सा बलाढ्य कंपनीच्या विसरभोळेपणाचा म्हणून हसत सांगितला जातो. त्यात त्याहून महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. नोंदवहीच्या दृष्टीने तो ३५ डॉलरचा एक थकलेला व्यवहार होता. त्याच नोंदीवर लाखो लोकांच्या टपालपेटीची किल्ली लटकत होती. नोंदीची किंमत आणि नावाची किंमत यांतली ही तफावत एकदा उघड झाल्यावर ती वसूल करणारा धंदा उभा राहायला वेळ लागणार नव्हता.

तसा तो राहिलाच. १९९८ मध्ये डोमेन नावांच्या कारभारावर देखरेख ठेवणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली, १९९९ पासून नोंदणीत स्पर्धा आली. डॉट कॉमची मूळ नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, एकाच कंपनीकडे राहिली; ती २००० साली नेटवर्क सोल्युशन्ससकट व्हेरिसाइनने विकत घेतली. ग्राहकाला नाव विकणारे रजिस्ट्रार मात्र अनेक झाले. नेमक्या त्याच सुमारास डॉट कॉमचा फुगा फुटला आणि हौसेने घेतलेली नावं सोडून देणाऱ्यांची रीघ लागली. रजिस्ट्री ही नावं गठ्ठ्याने खोडत असे. खोडली जाताच ती पटकावण्यासाठी रजिस्ट्रारांचे संगणक ‘हे नाव द्या, हे नाव द्या’ अशी एकच मागणी सेकंदाला कितीतरी वेळा करू लागले. २००१ साली हा मारा इतका वाढला, की नेहमीच्या नोंदण्या अडखळू लागल्या. व्हेरिसाइनने उपाय म्हणून रजिस्ट्रारांच्या जोडण्या वेगळ्या केल्या: नेहमीच्या कामाला एक वाट, आणि सुटणारी नावं पकडणाऱ्यांना स्वतंत्र, मोजूनमापून दिलेली वाट. प्रत्येक रजिस्ट्रारला सारख्याच जोडण्या. हा तोडगा कागदावर निष्पक्ष होता. त्याचे परिणाम काय झाले ते पुढे पाहू.

जुन्या धारकाच्या बाजूने झालेली सर्वांत मोठी सुधारणा जानेवारी २००३ मधली. खोडलं गेलेलं डॉट कॉम नाव तीस दिवस तसंच राखून ठेवायचं आणि त्या काळात मूळ धारकाने जादा आकार भरला तर त्याला परत द्यायचं, असं ठरलं. तेव्हापासून मुदतबाह्य नावाचा प्रवास ठरीव झाला. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारकडे पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलतीचा काळ, मग हे तीस दिवस, आणि शेवटी पाच दिवस असे, की कोणालाच काही करता येत नाही. नाव फक्त खोडलं जाण्याची वाट पाहत असतं. सुरुवातीला म्हटलेले अडीच महिने ते हेच. पाचव्या दिवशी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे दोन वाजले की, डॉट कॉमची खोडणी सुरू होते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. रजिस्ट्रारच्या संगणकाने पाठवलेल्या प्रत्येक मागणीला रजिस्ट्री आकड्यात उत्तर देते. २३०२ म्हणजे ‘नाव अस्तित्वात आहे’, १००० म्हणजे ‘काम झालं’. एखाद्या बऱ्या नावासाठी शेकडो संगणकांना २३०२, २३०२, २३०२ अशी उत्तरं जात राहतात. मग कोणा एकाला १००० मिळतं आणि त्याच्या मागच्या सगळ्यांना पुन्हा २३०२. मधल्या क्षणी ते नाव कोणाचंच नव्हतं, पण तो क्षण माणसाला दिसण्याइतका लांब नसतो. टोबियास लाउइंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये डॉट कॉमच्या खोडणीचा क्रम अभ्यासून दाखवलं, की खोडल्या जाणाऱ्या नावांपैकी ९.५ टक्के नावं शून्य सेकंदांच्या अंतराने पुन्हा नोंदवली जातात. घरी बसून बटण दाबणाऱ्याने या नावांपैकी एखादं मिळवण्याची आशाच धरू नये.

आता त्या निष्पक्ष तोडग्याकडे. प्रत्येक रजिस्ट्रारला सारख्याच जोडण्या मिळत असतील, तर जास्त जोडण्या हव्या असणाऱ्याने काय करावं? आणखी रजिस्ट्रार काढावेत. हेच झालं. एकाच मालकाने डझनांनी, मग शेकड्यांनी कंपन्या स्थापून प्रत्येकीला आयकॅनची मान्यता मिळवली. या कंपन्यांना दुकान नाही, गिऱ्हाईक नाही. रोज तासाभराच्या खोडणीत मागण्यांचा मारा करणं एवढंच त्यांचं काम. लाउइंगर यांच्याच गटाच्या २०१७ मधल्या अभ्यासानुसार जगातल्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक रजिस्ट्रार नावं पकडणाऱ्या सेवांच्या ताब्यात होते. नाव नोंदवण्याच्या एकूण प्रयत्नांपैकी ८० टक्क्यांहून जास्त प्रयत्न त्यांचे होते आणि यशस्वी नोंदण्यांत त्यांचा वाटा मात्र फार तर ९.५ टक्के. म्हणजे ही सगळी यंत्रणा बहुतांशी ‘नाही’ हे उत्तर ऐकण्यासाठी राबते. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम कोणी रद्द केला नाही. आधी येण्याची सोय मात्र विकाऊ झाली.

हा खटाटोप वाया जातो हे व्हेरिसाइनलाही दिसत होतं. तिने २००१ च्या अखेरीस एक प्रतीक्षायादी सुचवली: कोणत्याही नोंदवलेल्या नावासाठी एकाच माणसाने पैसे भरून नंबर लावावा आणि ते सुटलं तर आपोआप त्याला मिळावं. कल्पना वाईट नव्हती, सुचवणारा अडचणीचा होता. जिच्या हातात नोंदवही तिनेच नंबर विकायचे, म्हणजे नाव पकडण्याचा अख्खा धंदा एका मक्तेदाराच्या खिशात. रजिस्ट्रार न्यायालयात गेले, आयकॅनने अटी घातल्या, फेब्रुवारी २००४ मध्ये व्हेरिसाइनने उलट आयकॅनवरच दावा ठोकला आणि प्रतीक्षायादी कधी सुरूच झाली नाही. जे रजिस्ट्रार मक्तेदारीविरुद्ध भांडत होते त्यांतल्या मोठ्यांना तोवर आणखी सोपी वाट सापडली होती. आपल्याच ग्राहकाचं नाव मुदत संपल्यावर खोडायला पाठवायचंच कशाला? सवलतीच्या काळातच त्याचा लिलाव करायचा आणि धारक परत आला नाही तर नाव थेट बोली जिंकणाऱ्याच्या खात्यावर चढवायचं. ग्राहकाने नोंदणी करताना ‘मान्य आहे’वर टिचकी मारलेल्या करारात तशी तरतूद असतेच. २००७ साली नेटवर्क सोल्युशन्स आणि ईनॉम या दोन बड्या रजिस्ट्रारांनी मिळून नेमजेट हे लिलावघरच काढलं. तेव्हापासून चांगली नावं रात्रीच्या त्या शर्यतीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्याआधीच हात बदलतात. ती नोंदवहीत कधी मोकळी झालेलीच दिसत नाहीत. पहिल्या नोंदणीची तारीखसुद्धा जुनीच राहते, आणि जुनी तारीख हीसुद्धा किंमत वाढवणारी गोष्ट. लिलावात तरी सचोटी होती का? २००९ मध्ये स्नॅपनेम्स या आघाडीच्या लिलाव कंपनीला जाहीर करावं लागलं, की तिचाच एक अधिकारी खोट्या नावाने आपल्या ग्राहकांविरुद्ध बोली लावून भाव चढवत होता. कंपनीने फरकाची रक्कम व्याजासह परत द्यायची तयारी दाखवली.

मुंबईच्या वाचकाला हा प्रकार पागडीच्या अंगाने चटकन समजेल. पागडीच्या खोलीत राहणारा मालक नसतो, भाडं नाममात्र असतं. पण वर्षानुवर्षांच्या ताब्याला किंमत असते आणि खोली सोडताना ती हातात येते. घरमालक रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा घेतो, उरलेले पैसे सोडणाऱ्याचे. पूर्वी हा व्यवहार चोरून चाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने त्याला मान्यता दिली. डोमेन नावाचंही तसंच आहे: भाडं नाममात्र, ताब्यातून आलेली किंमत मोठी. फरक एवढाच, की इथे सोडणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. आधीच्या धारकाने दहा वर्षं घासून नावारूपाला आणलेल्या पत्त्याची लिलावातली किंमत रजिस्ट्रारकडे जाते, ज्याने ते नाव घडवण्यासाठी वर्षाला एक पावती फाडण्यापलीकडे काही केलेलं नसतं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण नाव पटकावणाऱ्या सट्टेबाजांना लावली जाते. माझ्या मते त्या बिळाचा पहिला धनी रजिस्ट्रार आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाला बाजूबाजूने स्पर्श केला, थेट हात घातला नाही. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अम्ब्रो खटल्यात म्हटलं, की डोमेन हे सेवेच्या करारातून मिळालेलं काही आहे, ते त्या कराराबाहेर उभं राहत नाही, म्हणून धनकोला त्यावर जप्ती आणता येणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने क्रेमेन खटल्यात उलट सूर लावला. तिथे बनावट पत्राच्या आधारे नेटवर्क सोल्युशन्सने एकाचं नाव दुसऱ्याला देऊन टाकलं होतं, आणि न्यायालयाने नाव ही मालमत्ता असल्याचं मान्य केलं. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या दाव्यात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या दाव्यात, डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारी ओळख आहे, असं सांगून त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण दिलं. पण या संरक्षणाला नाव चालू असावं लागतं, त्यामागे धंदा असावा लागतो. गावातलं वाचनालय, बंद पडलेलं नियतकालिक, संमेलनापुरती काढलेली वेबसाइट यांच्याकडे ना व्यापारचिन्ह असतं ना वकील. त्यांची ओळख त्यांच्या नावासकट लिलावात जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उभी राहते.

यावर पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. लिलावात नाव ज्याला त्याची सर्वाधिक किंमत वाटते त्याच्याकडे जातं. यंत्रांच्या शर्यतीपेक्षा हे बरंच, मग तक्रार कशाची? तक्रार किंमत ‘वाटण्या’ची आहे. जुन्या पत्त्याला सर्वाधिक किंमत देणारा बहुतेक वेळा ते नाव वापरणारा नसतो, त्यावर येणारी चुकार गर्दी विकणारा असतो. याचा पुरावा २००५ ते २००९ या काळाने रग्गड दिला. नवी नोंदणी पाच दिवसांत रद्द केली तर शुल्क परत, अशी सवलत टंकलेखनातल्या चुकांसाठी ठेवलेली होती. सट्टेबाजांनी तिचा चाखून पाहण्यासाठी वापर केला: सुटलेली नावं लाखांनी घ्यायची, त्यांवर जाहिराती लावायच्या, पाच दिवसांत कोणावर अजून लोक येतात ते मोजायचं आणि बाकीची फुकट परत करायची. गो डॅडीचे संस्थापक बॉब पार्सन्स यांनी तेव्हा लिहिलं, की एप्रिल २००६ मधल्या साडेतीन कोटी नोंदण्यांपैकी जेमतेम वीस लाखांच्या वर टिकणाऱ्या होत्या. मुदतबाह्य नावात काय शिल्लक असतं, हे इतक्या काटेकोरपणे दुसऱ्या कोणीच मोजलं नसेल. हा धंदा कसा थांबला, तेही बोलकं आहे. जुलै २००८ पासून आयकॅनने मर्यादेबाहेरच्या प्रत्येक परत केलेल्या नावामागे वीस सेंट आकारले, एप्रिल २००९ पासून परताव्याला कायमची मर्यादा घातली, आणि जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात अशा परताव्यांत ९९.७ टक्के घट झाली. बाजार आपला आपण सुधारेल, नियमांनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

दुसरा आक्षेप अधिक भरदार आहे: ज्याला वर्षातून एकदा हजार रुपये भरायचं भान नाही त्याची कणव का करावी? स्मरणपत्रं येतात, सवलतीचे दिवस मिळतात, त्यानंतरही तीस दिवस असतात. हे खरं आहे, आणि निष्काळजी धारकांची संख्या मोठी आहे हेही खरं. पण भान सुटणाऱ्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये ज्याच्या कर्मचाऱ्यांचं ईमेल नावाचं नूतनीकरण न झाल्यामुळे बंद पडलं ते वॉशिंग्टन पोस्ट आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये हीच चूक करणारा डॅलस काउबॉइज हा श्रीमंत फुटबॉल संघ आहे. जी चूक इतक्या साधनसंपन्न संस्था करतात तिला केवळ आळस म्हणून चालणार नाही. नोंदणी करणारा कर्मचारी नोकरी सोडतो, कार्डाची मुदत संपते, स्मरणपत्र कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडतं. आणि नाव बंद झालं की त्या नावावरचं मेलही बंद होतं; म्हणजे शेवटची सूचना त्याच पेटीकडे जाते जी सूचनेच्या कारणानेच मेलेली असते. कधी चूक धारकाची नसतेही: २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय हा रजिस्ट्रार कोसळला, तेव्हा पैसे भरलेल्या कित्येकांची नावं गेली. आयकॅनला हे पटायला वेळ लागला. सामान्य वापरकर्त्यांची बाजू मांडणाऱ्या तिच्याच समितीने २००८ मध्ये हा विषय उचलला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नियम लागू झाला: मुदतीच्या महिनाभर आणि आठवडाभर आधी सूचना, संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक, आणि नाव हातचं जाण्यापूर्वी काही दिवस ते बंद पाडायचं, म्हणजे धारकाला धक्का बसून जाग येईल. वरातीमागून घोडं असलं तरी घोडं आलं.

तिसरा आक्षेप असा, की बहुतेक मुदतबाह्य नावं कुचकामी असतात आणि त्यांच्यासाठी एवढा विचार करण्यात अर्थ नाही. आकडे याला दुजोरा देतात. खोडल्या गेलेल्या डॉट कॉम नावांपैकी त्याच दिवशी पुन्हा नोंदवली जाणारी जेमतेम दहा टक्के. पण उरलेल्या नव्वद टक्क्यांत काय आहे ते कोण पाहतो? २०२४ मध्ये वॉचटाउर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी वीस डॉलरना एक सुटलेलं नाव घेतलं. डॉट मोबी या शेपटाची रजिस्ट्री कधीकाळी आपला व्हूइज सर्व्हर, म्हणजे कोणतं नाव कोणाचं हे सांगणारी यंत्रणा, त्या नावावर चालवत असे. नंतर पत्ता बदलला, जुनं नाव डिसेंबर २०२३ मध्ये सुटलं आणि पकडणाऱ्या सेवांपैकी कोणालाही ते घ्यावंसं वाटलं नाही. संशोधकांनी तिथे सर्व्हर लावला, तर काही दिवसांत १,३५,००० हून अधिक संगणकांकडून २५ लाख प्रश्न आले. विचारणाऱ्यांत सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हर होते, आणि वेबसाइटच्या खरेपणाची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थाही. कोणाच्या मालकीचं काय, हे सांगणारीनेच आपलं नाव सोडून दिलं होतं आणि जग तिलाच विचारत राहिलं. बाजाराने त्या नावाची किंमत शून्य ठरवली होती. जुन्या ओळखीची किंमत बोलीत धड मोजली जात नाही, याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. तिचं नुकसानही धारकापुरतं राहत नाही: जून २०१४ मध्ये अमेरिकेत सोरेन्सन या कंपनीने एका डोमेनचं नूतनीकरण चुकवलं, तेव्हा कर्णबधिरांची दृक्‌दूरध्वनी सेवा बंद पडली, आणीबाणीचे फोनसुद्धा लागेनात, आणि पुढे कंपनीला सरकारी तडजोडीत लाखो डॉलर मोजावे लागले.

मग करायचं काय? शर्यत उघडी करणं हा एक मार्ग आहे आणि काही देशांच्या नोंदवह्यांनी तो धरला आहे. स्वीडनची संस्था सुटणाऱ्या नावांची यादी तारखेसह सर्वांसाठी प्रसिद्ध करते. कॅनडात अशी नावं आठवड्यातून एकदा, बुधवारी, आधी जाहीर केलेल्या यादीनुसार सोडली जातात. यात यंत्रांची चढाओढ संपत नाही, पण निदान काय सुटतंय आणि कधी, हे नाव मागणाऱ्याला कळतं. आपल्या डॉट इनचा इतिहास यात शिकण्यासारखा आहे. १९८९ मध्ये मिळालेलं हे शेपूट अनेक वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून, कडक अटींवर, सांभाळलं जात होतं. २००५ च्या आरंभी ते सर्वांना खुलं झालं तोवर जेमतेम सात हजार नावं नोंदवली गेली होती. तिथे सट्टा नव्हता, पण नाव मिळणंही दुरापास्त होतं, तेव्हा जुना कडकपणा परत आणा म्हणण्यात मतलब नाही. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळतं, मराठीत नाव नोंदवता येतं; त्या नोंदवहीत गर्दी कमी आहे, आणि नियम घालायचे तर गर्दी होण्यापूर्वीच घालावेत, हे १९९५ च्या अनुभवावरून दिसतंच. शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, रुग्णालयं यांची नावं सुटल्यावर वर्षभर कोणालाच देऊ नयेत, असा नियम करायला तांत्रिक अडचण काही नाही. नाव अडून राहतं म्हणून ओरड होईल. पण नावाला अक्षरांचा तुटवडा नसतो, आणि वर्षभर थांबता येत नाही अशी घाई प्रामाणिक वापरणाऱ्याला सहसा नसते.

पैशांचा प्रश्न मात्र यादीने किंवा थांबण्याने सुटत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून व्हेरिसाइनला एका डॉट कॉम नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर मिळतात आणि तो आकडा करारात सेंटापर्यंत ठरलेला आहे. सूचना किती दिवस आधी द्यायची, नाव केव्हा बंद पाडायचं, परत घेण्याचा आकार कुठे छापायचा, हे सगळं २०१३ च्या नियमांत कलमवार आलं आहे. मुदतबाह्य नाव रजिस्ट्रारने लिलावात पाच हजार डॉलरना विकलं तर त्यातलं आधीच्या धारकाला काय द्यायचं, याबद्दल त्या नियमांत एक ओळही नाही.